नाव साठ दिवस हलणार नाही

११ मार्च

भिंगरी,

हे कामाचं पत्र आहे, तेव्हा माझं नाव बघून लगेच बंद करू नकोस. तुला घरी बोलवत नाही. कुठे असतेस, काय खातेस, विचारत नाही. माझी तब्येतसुद्धा सांगत नाही. काम झालं की तू मोकळी.

कॉलेजात असताना तू आपल्या जोड्यांच्या दुकानासाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, घेतलंस. तेव्हा मी म्हणाले होते, रस्त्यावर एवढी मोठी पाटी असताना इंटरनेटवर आणखी एक कशाला? तू ऐकलं नाहीस आणि बरं झालं, कारण पुढे लांबलांबचे लोक त्या पाटीवरूनच आले. तर ते नाव ज्या कंपनीकडे नोंदवलंस, तिचं पत्र आलं आहे. एकतीस मेच्या रात्री ते लोक मेलचं काम कायमचं बंद करणार. दुकानाच्या नावावरचे सगळे मेलचे पत्ते त्या रात्री बंद, आत असेल ते सगळं साफ. ज्यांना पत्ते जिवंत ठेवायचे असतील त्यांनी त्याआधी नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यावं. नवी कंपनी जुने पत्ते आहेत तसे उचलून घेते म्हणे.

तुझा हा पत्ताही त्यातलाच. तो बंद झाला तर तुला काही कळवायला माझ्याकडे दुसरा पत्ता नाही. कळवण्यासारखं तसं काही नसतं, ते सोड. पण गिऱ्हाइकांचा प्रश्न आहे.

मामा मदत करणार आहे. वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला तपासायला काही उरलेलं नाही, म्हणून रोज दुकानात येऊन मला तपासतो. कंपनीच्या खात्याचा पासवर्ड तू भिंतीवरच्या मापांच्या तक्त्यामागे लिहून ठेवला होतास, तो सापडला. मालक म्हणून अजून तुझं नाव आहे, म्हणून फक्त कानावर घालते.

उत्तराची गरज नाही. सहा वर्षांत दिलं नाहीस, मला सवय झाली आहे. पत्र परत येत नाही म्हणजे पोचतं, असं मी धरून चालते.

आई

ता. क. जानेवारीत आपण जागा बदलली. मोठ्या दवाखान्याच्या मागे, तळमजला. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, म्हणून सगळ्यांना मागच्या दाराने यायला सांगते, तिथे उतार करून घेतलाय. फोन नंबर तोच. जागा लहान आहे. जी माणसं आता येत नाहीत त्यांच्या पायांचे लाकडी साचे काढून टाकले. तुझाही.


२१ मार्च

भिंगरी,

तुझ्या मामाने घोळ घातला.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी जोड्याच्या तळाचे बुचाचे थर घासत बसले होते आणि तो कॉम्प्युटरपुढे. खातं उघडलं, नाव हलवायचं बटण समोर होतं. ते दाबायचं सोडून हे महाशय मालकाची माहिती वाचत बसले.

"ताई, इथे मालकाचं नाव भिंगरी लिहिलंय."

"तिने लिहिलं असेल. लहान होती. तू पुढचं बघ."

"हे कागदोपत्री नाव नाही. चुकीच्या नोंदीवर पुढचं काम करायचं नाही. जन्मभर मी दुकानदारांना हेच सांगत आलो."

आणि त्याने तुझं पूर्ण नाव घातलं. पत्ताही नव्या जागेचा केला. चष्मा विसरला होता, म्हणून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, छाती फुगवून. मग नाव हलवायला गेला तर लाल अक्षरात उत्तर आलं. मालकाचं नाव बदलल्यामुळे सुरक्षेसाठी डोमेनला लॉक लावण्यात आलं आहे, साठ दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत एक चौकोन होता. लॉक नको असेल तर बदल करण्याआधी इथे खूण करा. मी विचारलं, का नाही केलीस?

"न वाचता कुठेही खूण करायची नाही."

"मग वाचायचं होतंस!"

"चष्मा कुठे होता?"

मी हातातली कानस खाली ठेवली, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. आता लॉक एकोणीस मेला सुटेल. एकतीसच्या आत बसतंय. मामा म्हणतो, बघ, बसतंय की नाही. जणू मेहेरबानीच केली.

आई


१२ एप्रिल

भिंगरी,

कंपनीच्या मदत कक्षाशी लिहून बोलता येतं. तिथे एक बाई असतात. त्यांचं नाव मी समजूतदार बाई ठेवलंय, कारण दर दोन वाक्यांनी त्या म्हणतात, तुमची अडचण मी समजू शकते.

मी लिहिलं, नाव मुलीचं, मुलगी माझी, सुधारणा माझ्या भावाने केली. यात चोर कोण?

त्यांनी लिहिलं, "मॅडम, कुणी परस्पर मालक बदलून नाव पळवू नये म्हणून हे लॉक असतं. ते तुमच्याच भल्यासाठी आहे."

मी लिहिलं, पळवणारा असता तर त्याने टोपणनाव काढून खरं नाव कशाला घातलं असतं?

"तुमची अडचण मी समजू शकते."

"मग काढा लॉक."

"लॉक आम्हालाही काढता येत नाही, मॅडम. नियम वरून आहे."

वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं. मी हात टेकले. त्या बाईंचा तरी काय दोष, पुढच्या महिन्यात त्यांचीही नोकरी जाणार आहे. मी त्यांना त्यांच्या पायांचं विचारलं. दिवसभर बसून सुजतात म्हणाल्या. कुठले जोडे घालावेत ते सांगितलं. तेवढंच त्या दिवशी कुणाचं तरी काम झालं.

बाकी दुकान चालू आहे. परवा एक बसचालक आला, उजवा पाय आखूड. म्हणाला, उंच जोड्याचा तळ झिजलाय, तेवढा बदला, दुसरा चांगला आहे. मी म्हटलं, आमच्याकडे एक मिळत नाही, जोड मिळतो. एक नवा आणि एक मुरलेला घालून माणूस आठ दिवसांत कंबर धरतो. कुरकुरला, पण दोन्ही ठेवून गेला. तू लहानपणी नेहमी विचारायचीस, चांगल्या पायाला नवा जोडा कशाला? मी सांगायचे, अर्धं काम आपण देत नाही. मग तू बाहुलीलासुद्धा दोन्ही जोडे घातल्याशिवाय झोपवायची नाहीस.

दुकानाची साइट उघडली की अजून तुझ्या पावलांचा फोटो येतो. आठव्या वर्षीचा. डाव्या जोड्याखाली दोन बोटं बूच, आणि दोन्ही टाचा एका रेषेत. मला तो फोटो आवडतो आणि आजही मी म्हणेन की चांगला फोटो आहे. तो बघून कितीतरी आया आपल्या पोरींना घेऊन आल्या. तू म्हणालीस, साइट मी केली आणि तू तिच्यावर माझाच पाय टांगलास. मी म्हटलं, चेहरा नाही, नाव नाही, कुणाला कळतंय? पण दुकानात येणारा प्रत्येक जण आधी खाली, तुझ्या पायांकडे बघायचा आणि मग वर, तुझ्या तोंडाकडे. एका बाईंनी तर विचारलंच, "हीच का ती?" तू आत निघून गेलीस. मी त्यांना हो म्हटलं होतं.

मामा म्हणतो, लॉक फक्त नाव हलवण्यापुरतं आहे, फोटो काढता येतो. मी म्हटलं, काढ. काढला त्याने. आता तिथे करडा चौकोन दिसतो. तुला सांगावंसं वाटलं.

आई


२० मे

भिंगरी,

लॉक सुटलं. काल रात्री जागून वाट बघितली नाही, मामाने बघितली. सकाळी आठला तो दारात, चष्म्यासकट.

नाव हलवायची विनंती टाकली. या खेपेला कुठेही काही सुधारलं नाही, मी त्याचे हात धरून बसले होते म्हण ना. आणि घोडं कुठे अडलं ऐक. कंपनी म्हणते, मालकाची मंजुरी हवी. मंजुरीचं पत्र मालकाच्या मेलवर पाठवलं आहे. मालक तू. मेल म्हणजे हाच पत्ता. तो फक्त तुला उघडता येतो.

म्हणजे या पत्राच्या वर किंवा खाली कंपनीचं एक पत्र असेल. त्यात मंजूर असा शब्द आहे. तेवढा दाब. नाव हलायला पाच-सहा दिवस लागतात, म्हणून दोन-तीन दिवसांत केलंस तर एकतीसच्या आत होईल. बाकी काही नको. मला लिहूही नकोस.

मामा म्हणाला, "ताई, एवढा जीव कशाला टांगणीला लावतेस? गिऱ्हाइकं तर सगळी फोनच करतात. दुकानाच्या मेलवर गेल्या वर्षभरात आलंय काय? जाहिराती."

मी म्हटलं, येतील कधीतरी.

"आणि जाते फक्त तुझी पत्रं. एकाच पत्त्यावर."

मी त्याला चहा केला आणि गप्प बसवला. खरं आहे ते तुलाही कळलं असेलच, लपवून काय करू. तू मला कधीही गाठू शकतेस. नंबर तोच आहे, दुकान कुणीही दाखवेल. मी तुला गाठू शकत नाही. माझ्याकडे ही एवढीच फट आहे आणि तिच्यातून मी सहा वर्षं काहीबाही सरकवत आले. तू वाचतेस की नाही, माहीत नाही. पण परत येत नाहीत. एकतीसनंतर परत येतील, आणि मी काय करायचं ते मला खरंच कळत नाही.

दाबशील ना?

आई


२५ मे

भिंगरी,

तू आहेस.

दुपारी कंपनीचं पत्र आलं. मला वाटलं, मंजुरी मिळाली. मामाने वाचून दाखवलं. "सध्याच्या मालकाने हे डोमेन तुमच्या नावे करण्याची विनंती केली आहे. आपण स्वीकारता की नाकारता?" खाली नव्या मालकाचं नाव, माझं, अगदी पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. खाली पत्ता. तळमजला, दवाखान्याच्या मागे, मागचं दार, उतार आहे.

मागचं दार आणि उतार मामाने खात्यात घातलेलं नव्हतं. कुठल्याच कागदावर नाही. गिऱ्हाइकांना तोंडी सांगते, लिहून फक्त तुला कळवलं होतं.

मामा काहीतरी बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं. मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. एक गिऱ्हाईक उतारावरून वर येत होतं, त्याला मी म्हटलं, उद्या या, आज दुकान बंद आहे. दुकान सताड उघडं होतं.

सगळी वाचलीस? मागे दाढेचं आणि शेजारच्या कुत्र्याचं लिहिलं होतं, ती पत्रंसुद्धा?

उद्या नीट लिहिते. आज दुकान खरंच बंद करते.

आई


२८ मे

भिंगरी,

आता ऐक काय होऊन बसलंय. रागावू नकोस, तुझी काही चूक नाही.

स्वीकार दाबण्याआधी मामा म्हणाला, आधी विचारून घेऊ. एकदा तोंड पोळलंय त्याचं. समजूतदार बाईंना विचारलं. थांबा, वर विचारून सांगते, म्हणाल्या. मग लिहिलं, "मॅडम, मालक बदलला की साठ दिवसांचं लॉक पुन्हा लागेल."

मी म्हटलं, त्या चौकोनात खूण करते. त्या म्हणाल्या, "तो चौकोन आता काढून टाकलाय. मेलचं काम बंद होत असल्यामुळे कुणालाच सवलत नाही."

म्हणजे मी स्वीकारलं तर नाव माझं, पण जुलै संपेपर्यंत ते इथून हलणार नाही आणि एकतीसला मेलचे पत्ते जातील. पुढे दुसरीकडे नेऊन तुझा पत्ता पुन्हा उघडता येईल म्हणे, पण त्याचा पासवर्ड माझ्याकडे असेल. मीच लिहायचं आणि मीच उघडून वाचायचं. आणि नाकारलं, तर तुला पुन्हा सांगून, तू आजच्या आज ती साधी मंजुरी दिलीस तर एकतीसपर्यंत नाव हलण्याची थोडी आशा आहे. बाई म्हणाल्या, खात्री देता येत नाही.

"मी नाकारलं तर तिला काय कळवता?" मी विचारलं.

"एक ओळ जाते, मॅडम. नव्या मालकाने नकार दिला आहे."

"त्याखाली मला दोन शब्द लिहिता येतात? कारण वगैरे?"

"नाही, मॅडम. ते पत्र मशीन पाठवतं." आणि मग, "तुमची अडचण मी समजू शकते." या वेळी मला वाटलं, समजली असेल.

मामा म्हणाला, "नकार दे. ताई, ऐक माझं. तिला वेगळं पत्र लिहून समजाव की असं नको होतं, फक्त मंजूर दाबायचं होतं. ती काय कुकुलं बाळ आहे?"

मी दोन दिवस विचार केला. बसचालकाचा जोड तयार होता, तो नेऊन दिला, त्याला चालवून बघितलं, परत आले, पुन्हा विचार केला. तू अर्धं दिलं नाहीस. मी मागितली नुसती मंजुरी आणि तू अख्खं नाव काढून माझ्या हातात ठेवलंस. हे माझंच शिकवणं. आता सहा वर्षांनी तू काहीतरी पुढे केलंयस आणि मी म्हणू, असं नको, तसं दे? तुझ्या जन्मापासून मी तेच म्हणत आले. चालणं असं नको, बसणं असं नको, फ्रॉक असा नको, त्यात जोडा दिसतो. आणि दुसऱ्या दिवशी, नाही, जोडा दिसू दे. त्या मशीनचं पत्र तुझ्याकडे एकटं पोचेल, माझ्या पत्राच्या आधी, आणि त्यात तेवढा एकच शब्द असेल. तो शब्द मी तुला पाठवू शकत नाही.

कदाचित तुला हे सगळं झटकून टाकायचं असेल. घ्या तुमचं नाव आणि पुन्हा मला विचारू नका, असंही असेल. मामाला तसंच वाटतं, बोलला नाही, पण तोंड तसं होतं. असलं तरी उताराचा उल्लेख कुणी उगाच करत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मी स्वीकारलं. बटण मीच दाबलं. लगेच लाल अक्षरं आली, साठ दिवस.

आई


३१ मे

भिंगरी,

संध्याकाळ झाली आहे. किती वाजता बंद करणार ते समजूतदार बाईंनाही माहीत नाही. त्यांचाही आज शेवटचा दिवस. मला म्हणाल्या, तुम्ही सांगितलेले जोडे घेतले, सूज कमी आहे.

मामा सकाळपासून इथे आहे. सारखा म्हणतो, माझ्यामुळे झालं. त्याचंही पूर्ण चुकीचं नाही. त्याने मार्चमध्ये तुझं टोपणनाव खोडलं नसतं तर मंजुरी मला मार्चमध्येच मागावी लागली असती आणि तू तेव्हा काय केलं असतंस कुणास ठाऊक. मी त्याला सांगितलं, आता रड बंद कर आणि दोरे गुंडाळ.

मला खूप काही लिहायचं होतं. दोन दिवस मनात जुळवत होते आणि आता बसले तर काही सुचत नाही. उद्या सकाळी काही झालं, समजा एखादं मजेशीर गिऱ्हाईक आलं, तर ते कुणाला लिहायचं, हा प्रश्न सारखा मधे येतो. मामाला सांगेन. तो ऐकतो, पण तपासून.

म्हणून फक्त दोन गोष्टी.

फोन मी स्वतः उचलीन. सकाळी नऊपासून दुकानात, रात्री घरी, दोन्हीकडे तोच वाजतो. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता धरून ठेव. मी पायांबद्दल काही बोलणार नाही.

दुसरं. तुझा साचा मी काढून टाकला असं मार्चच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते खोटं होतं. जागा बदलताना तो मी माझ्या मांडीवर ठेवून आणला. बाकाखाली आहे. दरवर्षी त्याच्यावर एक जोड बेतते, दोन्ही जोडे, डाव्याला दोन बोटं बूच. सहा झाले. पण अंदाजाने केलेत. वर्षं जातात तसा दोन पायांतला फरक बदलतो, कधी कमी होतो, कधी जास्त, आणि जुन्या मापाचा जोडा घातला तर कंबर धरते. एकही जोड तुला बसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

नवं माप घ्यावं लागेल. आणि पायाचं माप फोनवर घेता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आई